एका क्लिकला दोन बिलं

माझी पहिली नोकरी. किराणा दुकानांसाठी बिलिंगचा प्रोग्राम करायचा होता, पायथन भाषेत, आणि विंडो-बटणं बनवायला क्यूटी ही लायब्ररी वापरून. (क्यूटीचा अधिकृत उच्चार ‘क्यूट’, पण तसं म्हणणारा मला अजून भेटायचाय.) क्यूटी डिझायनरमध्ये बटणं ओढून विंडो सजवली, फाइल सेव्ह केली. आता हिला पायथनशी जोडायचं कसं, ते सांगायला कोणी नव्हतं.

डिझायनरमधून निघते ती डॉट यूआय फाइल म्हणजे निव्वळ एक्सएमएल, खुणा घातलेला साधा मजकूर. नोटपॅडमध्ये उघडून बघाच. कुठलं विजेट (बटण, चौकट वगैरे) कुणाच्या पोटात, त्याचं नाव काय, मजकूर काय, असलाच मामला. पायथनचं एक अक्षर नाही. सी प्लस प्लसवालेही हीच फाइल वापरतात.

तेव्हा आमच्याकडे पायक्यूटी ५, म्हणजे पायथनमधून क्यूटी वापरायचं पॅकेज, होतं. पाययूआयसी ५ ही कमांड चालवली की यूआय फाइलवरून पायथनची फाइल तयार होते. मी तिच्यातच माझा कोड लिहीत बसलो. चार दिवसांनी साहेब म्हणाले, ते बटण जरा उजवीकडे घे. घेतलं, कमांड पुन्हा चालवली, आणि चार दिवसांचं काम साफ. फाइलीच्या डोक्यावर तसा इशारा छापलेला असतो, वाचतो कोण! त्या फाइलीला हात लावू नका. आपला क्लास वेगळ्या फाइलीत लिहा आणि तिथून विंडो उभी करणारं सेटअपयूआय हे फंक्शन बोलवा.

कमांडचा व्याप नको असेल तर पायक्यूटीचं लोडयूआय हे फंक्शन थेट यूआय फाइल वाचतं. फक्त पूर्ण पाथ द्या, नाहीतर डेस्कटॉपच्या आयकॉनवरून उघडल्यावर फाइल सापडत नाही. पायसाइड या पायक्यूटीसारख्याच दुसऱ्या पॅकेजमध्ये मात्र हे काम करणारा क्यूयूआयलोडर नवीनच ऑब्जेक्ट हातात ठेवतो. विजेटं सेल्फमध्ये, म्हणजे तुमच्या क्लासच्या ऑब्जेक्टमध्ये, शोधलीत तर मिळणार नाहीत.

खरी फजिती पुढे झाली. फंक्शनच्या नावात ‘ऑन’, बटणाचं नाव आणि ‘क्लिक्ड’ असं अंडरस्कोरने जोडून लिहिलं की क्यूटी दोघांची गाठ आपोआप मारतं. मी खूश. मग दुकानदाराचा फोन, “अहो, एका गिऱ्हाइकाची दोन-दोन बिलं निघतायत!” दिवसभर प्रिंटरला शिव्या घातल्या. कारण असं की क्लिक्ड हा सिग्नल, म्हणजे बटण दाबल्याची वर्दी, पायक्यूटीला दोन रूपांत दिसतो, एक रिकामा आणि एक खरं-खोटं सांगणारा. नाव दोन्हींशी जुळतं, म्हणून फंक्शन दोनदा चालतं. फंक्शनच्या वर पायक्यूटीस्लॉटचा डेकोरेटर (कुठलं एकच रूप घ्यायचं ते सांगणारी ओळ) लावला आणि बिलं एकावर आली.

तरीही मी आता ही आपोआपची जोडणी वापरत नाही. बटणाचं नाव डिझायनरमध्ये बदललं आणि कोडमध्ये राहिलं, तर प्रोग्राम न अडता चालतो, बटण तेवढं मुकं होतं. बटण आणि फंक्शन जोडणारी कनेक्टची ओळ स्वतः लिहिली की चुकीच्या नावाला प्रोग्राम सुरू होतानाच अडखळतो आणि ओळ नंबरासकट दाखवतो. आणि विजेट ठेवल्या ठेवल्या त्याचं नाव बदला. आमच्या त्या विंडोत अजून एक ‘पुशबटन_७’ आहे. ते काय करतं, हे पाहायला मलाही दाबूनच बघावं लागतं.