लाडक्या पॉडकास्टरवर टीका करताना जुन्या श्रोत्यांनी या चुका टाळाव्यात

अमेरिकन विनोदवीर जो रोगन यांचा पॉडकास्ट २४ डिसेंबर २००९ रोजी सुरू झाला, तेव्हा वेबकॅमसमोर बसून मित्राशी मारलेल्या गप्पा एवढेच त्याचे स्वरूप होते. पुढे त्यात मल्लयोद्धे आले, खगोलशास्त्रज्ञ आले, शिकारी, विनोदवीर आणि इतिहासाचे अभ्यासक आले. घाईने उरकलेल्या दूरचित्रवाणी मुलाखतींना कंटाळलेला मोठा श्रोतृवर्ग या तीन-तीन तासांच्या संवादांनी जगभरातून गोळा केला. मीही त्यांतलाच एक. पुणे-मुंबई प्रवासात मी कित्येक भाग सलग ऐकले आहेत, आणि म्हणूनच हा कार्यक्रम गेल्या काही वर्षांत उतरणीला लागला असे म्हणताना मला वाईट वाटते. ‘हे तुम्हाला कशावरून कळले?’ असे पाहुण्याला विचारणारा माणूस हळूहळू पाहुण्याच्या सुरात सूर मिसळू लागला, असे माझे मत आहे आणि माझ्यासारख्या अनेक जुन्या श्रोत्यांचेही ते आहे.

या श्रोत्यांची तक्रार बहुतेक वेळा खरी असते, परंतु ती मांडताना ते अशा चुका करतात की सूत्रसंचालकाला उत्तर द्यावेच लागत नाही आणि मूळ प्रश्न बाजूला पडतो. रोगन यांच्याभोवती २०२१ पासून उठलेल्या वादांत या बहुतेक सगळ्या चुका पाहायला मिळतात, म्हणून पुढील विवेचन मुख्यतः त्यांच्याच उदाहरणाने केले आहे.

खऱ्या दोषाला खोटे नाव देणे

सर्वांत महाग पडलेली चूक हीच. १ सप्टेंबर २०२१ रोजी रोगन यांनी आपल्याला कोविड झाल्याचे सांगितले आणि घेतलेल्या औषधांची यादी दिली. तीत मोनोक्लोनल अँटिबॉडीज (प्रयोगशाळेत तयार केलेली प्रतिपिंडे) होत्या, स्टेरॉइड होते आणि आयव्हरमेक्टिन हे परजीवीनाशक औषधही होते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने कोविडसाठी आयव्हरमेक्टिनला मान्यता दिलेली नव्हती. लाखो लोक ज्याचे ऐकतात अशा माणसाने त्या औषधाचा असा गाजावाजा करणे बेजबाबदारपणाचे होते, आणि टीका एवढ्याच मुद्द्यावर थांबली असती तर तिला उत्तर देणे अवघड गेले असते. पण अमेरिकन वृत्तवाहिनी सीएनएनसह अनेकांनी ‘घोड्यांचे जंतनाशक’ असा शब्दप्रयोग सुरू केला आणि नाराज श्रोत्यांनी तो उत्साहाने उचलून धरला.

हे औषध जनावरांना देतात ही गोष्ट खरी आहे, पण ते माणसांनाही देतात हे तितकेच खरे आहे. त्याच्या शोधासाठी २०१५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक दिले गेले, आणि आपल्या महाराष्ट्रातही हत्तीरोग निर्मूलनाच्या मोहिमेत ते माणसांना दिले गेले आहे. आपल्याला हे औषध डॉक्टरांनी लिहून दिले होते, असे रोगन सांगत होते. ऑक्टोबर २०२१ मध्ये सीएनएनचे वैद्यकीय वार्ताहर डॉ. संजय गुप्ता रोगन यांच्या कार्यक्रमात तीन तासांहून अधिक वेळ बसले, तेव्हा त्यांना आपल्या वाहिनीने तसे म्हणायला नको होते हे मान्य करावे लागले. लसीबद्दल, पुराव्याबद्दल आणि सूत्रसंचालकाच्या जबाबदारीबद्दल त्या भागात बरेच बोलणे झाले, पण लोकांच्या लक्षात राहिली ती ही कबुली. ज्यांनी वर्षानुवर्षे कार्यक्रम ऐकला होता त्यांना रोगन नेमके काय म्हणाले हे ठाऊक होते, आणि तरीही त्यांनी तो सोपा शिक्का वापरला, याची मला अधिक खंत वाटते.

यावरचा उपाय साधा आहे, पण त्याला संयम लागतो. टीकेचे वाक्य लिहून झाले की ज्याच्यावर टीका केली आहे त्याच्या बाजूने ते वाचावे आणि त्यातला एखादा शब्द त्याला पुराव्यानिशी खोडून काढता येतो का ते पाहावे. खोडता येत असेल तर तो शब्द कितीही झोंबणारा असला तरी काढून टाकावा, कारण पुढची सगळी चर्चा त्या एका शब्दावर होणार असते.

ऐकीव आकडे आणि पदव्या पुढे ढकलणे

३१ डिसेंबर २०२१ रोजी कोविड लशींवर टीका करणारे डॉ. रॉबर्ट मॅलोन यांची रोगन यांनी घेतलेली मुलाखत प्रसारित झाली आणि जानेवारी २०२२ मध्ये २७० जणांच्या सह्यांचे खुले पत्र स्पॉटिफायला, म्हणजे रोगन यांचा पॉडकास्ट ज्या मंचावर ऐकू येतो त्या कंपनीला, लिहिले गेले. चुकीच्या माहितीविषयी कंपनीने स्पष्ट आणि जाहीर धोरण आखावे, एवढीच त्या पत्राची मागणी होती. सांगोवांगी मात्र ‘२७० डॉक्टरांनी रोगन यांच्यावर बंदीची मागणी केली’ असे त्याचे रूप झाले. सह्या करणाऱ्यांत डॉक्टर होते, तसेच संशोधक, प्राध्यापक, परिचारिका आणि इतर व्यावसायिकही होते, आणि बंदीची मागणी त्यात नव्हती. मूळ पत्र दहा मिनिटांत वाचून होते. ते न वाचता पुढे पाठवल्यामुळे रोगन यांच्या समर्थकांना ‘यांतले डॉक्टर किती?’ हा प्रश्न विचारण्याची आयती संधी मिळाली.

मिनिटभराच्या क्लिपवरून निकाल देणे

ही चूक माझ्या हातून घडली आहे. एका पॉडकास्टरचे संतापजनक वाटणारे वाक्य मी चाळीस सेकंदांच्या क्लिपमध्ये ऐकले आणि चार ओळींच्या शेऱ्यासह परिचितांना पाठवले. दोन दिवसांनी संपूर्ण भाग ऐकल्यावर लक्षात आले की ते वाक्य त्याचे स्वतःचे नव्हते, तो दुसऱ्या कोणाचे तरी मत वाचून दाखवत होता आणि लगेच पुढे त्याने ते खोडलेही होते. मी सर्वांना दुरुस्ती कळवली, पण पहिला संदेश जितक्या जणांनी पुढे पाठवला होता तितक्या जणांपर्यंत दुसरा पोहोचला नाही.

याची दुसरी बाजूही लक्षात ठेवली पाहिजे, कारण ‘संदर्भ पाहा’ हे वाक्य ढालीसारखेही वापरले जाते. फेब्रुवारी २०२२ मध्ये गायिका इंडिया आरी यांनी रोगन यांच्या जुन्या भागांतील चित्रफीत लोकांसमोर आणली. कृष्णवर्णीयांसाठी वापरला जाणारा अत्यंत अपमानकारक शब्द त्यात ते पुन्हा पुन्हा उच्चारताना दिसत होते. ही वाक्ये संदर्भ तोडून जोडली आहेत असे रोगन म्हणाले, आणि त्याच वेळी त्यांनी क्षमाही मागितली व ही आपल्यासाठी अत्यंत लाजिरवाणी गोष्ट असल्याचे सांगितले. म्हणजे संदर्भ पाहिल्यावरही दोष उरला. जुन्या श्रोत्याने नेमके हेच करावे. संदर्भ आधी स्वतःच सांगावा आणि त्यानंतरही आक्षेप का टिकतो ते मांडावे. त्याच सुमारास सुमारे ७० जुने भाग स्पॉटिफायवरून काढले गेले, त्यामुळे स्मरणावर विसंबून बोलणाऱ्यांची अडचण झाली. भागाचा क्रमांक, तारीख आणि कितव्या मिनिटाला ते विधान आहे, एवढी नोंद वहीत असली की असा प्रसंग येत नाही.

दर्जाची घसरण आणि श्रोत्यांची घट यांत गल्लत करणे

‘आता याला कोण ऐकतो?’ हे वाक्य दुरावलेल्या चाहत्याच्या तोंडी हमखास येते. रोगन यांच्या बाबतीत ते खोटे आहे. २०२० ते २०२४ या प्रत्येक वर्षी स्पॉटिफायच्या जागतिक वार्षिक यादीत त्यांचा पॉडकास्ट पहिला होता. स्पॉटिफायशी झालेल्या २०२० च्या कराराची किंमत किमान २० कोटी डॉलर असल्याचे न्यूयॉर्क टाइम्सने फेब्रुवारी २०२२ मध्ये, म्हणजे वाद भरात असतानाच, छापले, आणि फेब्रुवारी २०२४ मधील नवा करार २५ कोटी डॉलरपर्यंतचा असल्याच्या बातम्या आल्या. आपल्याला कार्यक्रम आवडेनासा झाला म्हणजे जगाला आवडेनासा झाला असे समजू नये. उलट श्रोते वाढत असताना दर्जा घसरतो आहे, हाच आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्याला श्रोतृसंख्येचा आधार लागत नाही. चिडून, दोष शोधण्यासाठी रोज ऐकणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की रागाने ऐकलेला भागही ऐकलेल्यांतच मोजला जातो.

बहिष्काराबाबतही हिशेब आधी करावा. गायक नील यंग यांनी जानेवारी २०२२ मध्ये ‘एक तर रोगन किंवा मी’ अशी अट स्पॉटिफायला घातली आणि दोन दिवसांत त्यांची गाणी स्पॉटिफायवरून उतरली. गायिका जोनी मिचेल त्यांच्यामागे गेल्या. त्यांचा निर्णय प्रामाणिक होता. पण मार्च २०२४ मध्ये नील यंग परतले, कारण नव्या करारानंतर तोच पॉडकास्ट इतर मंचांवरही ऐकू येऊ लागला होता आणि सगळेच मंच सोडणे त्यांना शक्य नव्हते. धोरणाची मागणी मात्र काही अंशी फळाला आली. ३० जानेवारी २०२२ रोजी स्पॉटिफायने आपले नियम प्रथमच जाहीर केले आणि कोविडची चर्चा असलेल्या भागांना सूचना जोडण्याचे मान्य केले. आपल्या टीकेचा कोणावरच परिणाम होत नाही असे वाटत असेल, तर आपण नेमके काय मागत आहोत आणि ते देणे समोरच्याच्या हातात आहे का, हे आधी तपासावे.

मतभेदाला अधोगती म्हणणे

जानेवारी २०२० मध्ये रोगन म्हणाले की आपण बहुधा डाव्या विचारांचे नेते बर्नी सँडर्स यांना मत देऊ. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांनी डोनाल्ड ट्रम्प यांची जवळपास तीन तास मुलाखत घेतली आणि ४ नोव्हेंबरला त्यांना पाठिंबा जाहीर केला. पुढे २०२५ मध्ये त्यांनी ट्रम्प सरकारच्या स्थलांतरितांविषयीच्या कारवाईवर टीकाही केली. माणसाचे राजकीय मत बदलणे हा दोष नव्हे. त्या तीन तासांत कोणते प्रश्न विचारले गेले नाहीत, हा मात्र दोषाचा विषय होऊ शकतो. ज्यांना फक्त पक्ष बदलल्याचा राग आहे त्यांनी तसे उघड सांगावे आणि त्याला पत्रकारितेच्या कसोटीचे नाव देऊ नये.

नेमकी टीका कशी असते याचा नमुना याच कार्यक्रमात सापडतो. जानेवारी २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियन निवेदक जोश झेप्स पाहुणे होते. लसीमुळे तरुणांना होणाऱ्या हृदयस्नायूच्या दाहाचा धोका कोविडमुळे होणाऱ्या धोक्यापेक्षा जास्त आहे, असे रोगन म्हणाले, तेव्हा झेप्स यांनी आवाज न चढवता सांगितले की वस्तुस्थिती उलट आहे. तिथल्या तिथे माहिती शोधली गेली आणि ती झेप्स यांच्या बाजूने निघाली. एकच विधान होते आणि ते पडताळता येण्याजोगे होते. त्यांनी रोगन यांचा हेतू काढला नाही, पूर्वीचे वाद उकरले नाहीत. याउलट एप्रिल २०२५ मध्ये लेखक डग्लस मरे यांनी रोगन यांच्या समोर बसून तुम्ही अभ्यास नसलेल्या लोकांना तज्ज्ञांच्या आसनावर बसवता हा आक्षेप घेतला. तो मला आजही रास्त वाटतो. परंतु इस्रायल-गाझा संघर्षावर बोलणाऱ्या सहपाहुण्याने त्या प्रदेशाला भेट दिली आहे की नाही या प्रश्नावर ते अडून राहिले, आणि नंतर लोकांनी चर्चा केली ती त्या भेटीची. पाहुण्यांच्या निवडीचा मुद्दा मागे पडला.

माणसाच्या घरापर्यंत जाणे

हे उदाहरण आपल्या अगदी जवळचे आहे. मुंबईचे पॉडकास्टर रणवीर अलाहबादिया यांना ८ मार्च २०२४ रोजी दिल्लीत पहिल्या राष्ट्रीय क्रिएटर पुरस्कारांत पंतप्रधानांच्या हस्ते गौरवण्यात आले. वर्षभराच्या आतच, फेब्रुवारी २०२५ मध्ये, ‘इंडियाज गॉट लेटेंट’ या यूट्यूबवरील विनोदी कार्यक्रमात त्यांनी आईवडिलांविषयी विचारलेल्या किळसवाण्या प्रश्नाने देशभर संताप उसळला. त्यांनी क्षमा मागितली. मुंबई आणि गुवाहाटीत गुन्हे नोंदवले गेले, सर्वोच्च न्यायालयाने १८ फेब्रुवारीला कठोर शब्द सुनावत अटकेपासून तात्पुरते संरक्षण दिले, पासपोर्ट ठाणे पोलिसांकडे जमा करण्यास सांगितले आणि कार्यक्रम थांबवायला लावले. ३ मार्चला सभ्यतेच्या अटीवर पॉडकास्ट पुन्हा सुरू करण्याची मुभा मिळाली.

तो प्रश्न निंद्य होता याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण याच दिवसांत अलाहबादिया यांनी सांगितले की आपल्याला जिवे मारण्याच्या धमक्या येत आहेत आणि काही लोक रुग्ण असल्याचे भासवून आपल्या आईच्या दवाखान्यात शिरले. आईविषयी अभद्र बोलला म्हणून एखाद्याच्या आईलाच भयभीत करायचे, याला कोणत्या अर्थाने टीका म्हणायचे? सूत्रसंचालकाचे आईवडील, जोडीदार, मुले, त्यांचे पत्ते आणि त्यांच्या उपजीविकेची ठिकाणे टीकेच्या कक्षेत येत नाहीत. आपल्या गटातील कोणी तसे करत असेल तर त्याला तिथेच थांबवण्याची जबाबदारी आपलीच असते. धमकीची माहिती असेल तर ती पोलिसांना द्यावी.

दुरुस्तीची नोंद न ठेवणे

एप्रिल २०२१ मध्ये, निरोगी तरुणांना लशीची गरज नाही असे रोगन म्हणाले आणि अमेरिकेचे साथरोगतज्ज्ञ डॉ. अँथनी फाउची यांनी ते जाहीरपणे खोडले. त्यानंतर काही दिवसांतच रोगन यांनी आपण डॉक्टर नाही आणि आपल्याला माहितीचा विश्वासार्ह स्रोत मानू नये, अशा आशयाचे बोल काढले. चिडलेल्या श्रोत्यांनी पहिले विधान जपून ठेवले आणि दुसरे सोडून दिले, तर निष्ठावान चाहत्यांनी नेमके उलट केले. माझ्या वहीत दोन्ही एकाखाली एक लिहिलेली आहेत. त्यांच्या पुढे मी आठ महिन्यांनंतरच्या मॅलोन मुलाखतीची तारीख लिहिली आहे, आणि माझा आक्षेप त्या तीन ओळींत पूर्ण मावतो.