सप्पोरोत उतरल्यावर: नव्या मिशनरीचे पहिले सहा आठवडे

मिशनवर, म्हणजे चर्चच्या वतीने धर्मप्रसाराला, जाणाऱ्या तरुणाला देश निवडता येत नाही आणि सोबतीही निवडता येत नाही. चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्समध्ये मुलगे दोन वर्षे आणि मुली दीड वर्ष ही सेवा करतात. या काळात दोघादोघांनी एकत्र राहायचे असते, आणि साधारण दर सहा आठवड्यांनी येणाऱ्या ट्रान्सफरमध्ये शहर, सोबती किंवा दोन्ही बदलू शकतात. पुण्याहून जाऊन मी ही दोन वर्षे जपानमधल्या सप्पोरो मिशनमध्ये काढली. तिकडे निघालेल्याला मी आग्रहाने हेच सांगतो की पहिले सहा आठवडे शहर पालथे घालण्याच्या मागे लागू नये. आधी सोबती नीट समजून घ्यावा, म्हणजे शहर त्याच्या पावलांनी आपोआप कळत जाते.

नियमानुसार स्नानगृह सोडले तर सोबती कायम नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात असावा लागतो. एकत्र कुटुंबात वाढलेल्याला हे सोपे वाटेल. पण कुटुंबात रुसून दुसऱ्या खोलीत जाऊन बसता येते, आजीकडे गाऱ्हाणे नेता येते. इथे लहानशा घरात दोघेच असतात आणि दोघांची मातृभाषा वेगळी असते. म्हणून पहिल्याच रात्री, सामान लावून होण्याआधी, काही साध्या गोष्टी उघडपणे विचारून घ्याव्यात: सकाळी साडेसहाला उठल्यावर त्याला बोलणे आवडते की शांतता, स्वयंपाक कोणी करायचा आणि भांडी कोणी घासायची, हीटर रात्री किती ठेवायचा, आणि कोणत्या गोष्टीने त्याचे मन दुखावते. शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, तरी तो राहू देऊ नये.

माझा पहिला सोबती अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातल्या, गायी पाळणाऱ्या घरातला होता. बाहेर पडायच्या दहा मिनिटे आधी तो बूट चढवून, बॅग खांद्याला लावून गेनकानमध्ये, म्हणजे दारातल्या बूट काढायच्या खोलगट जागेत, काही न बोलता उभा राहायचा. मी आत टाय बांधत असायचो आणि त्याची पाठ पाहून मला वाटायचे की हा माझ्यावर चिडलेला आहे. तीन आठवडे मी ते मनात धरून बसलो. दर आठवड्याच्या नियोजनाच्या वेळी दोघांनी एकमेकांशी मोकळेपणाने बोलावे अशी पद्धत आहे. तिला कंपॅनियनशिप इन्व्हेंटरी म्हणतात, आणि आम्ही ती दोन मिनिटांत उरकत आलो होतो. त्या दिवशी मात्र मी विचारून टाकले. तो थक्क झाला. घरी धारा काढायची वेळ चुकवून चालत नसे, त्यामुळे आधीच तयार राहणे त्याच्या अंगवळणी पडलेले होते, आणि गेनकानमध्ये उभा राहून तो त्या दिवशी लोकांशी बोलायची जपानी वाक्ये मनातल्या मनात घोकत असे. मग त्यानेही सांगितले की मी घरी फोनवर मराठीत बोलताना माझा आवाज इतका चढतो, की पुण्यात काहीतरी वाईट घडले आहे असे समजून तो दर वेळी माझ्यासाठी प्रार्थना करत आला होता.

म्हणून इन्व्हेंटरीला चांगला अर्धा तास द्यावा. आधी सोबत्याने त्या आठवड्यात केलेली एखादी नेमकी चांगली गोष्ट सांगावी, मग खटकलेली एकच गोष्ट काढावी, आणि तीही ‘तू नेहमीच असा’ या सुरात न सांगता आपण काय पाहिले आणि आपल्याला काय वाटले एवढेच सांगावे. मात्र अपमान, धमकी किंवा अंगावर हात टाकणे हे सहन करण्याचे विषय नाहीत. अशा वेळी त्याच दिवशी मिशन प्रेसिडेंटना, म्हणजे मिशनच्या प्रमुखांना, फोन करावा. ती चहाडी ठरत नाही.

कागदपत्रांचे काम थोडेच असते, पण त्यात चालढकल नको. राहायला गेल्यापासून १४ दिवसांच्या आत वॉर्डाच्या कार्यालयात, म्हणजे कुयाकुशोमध्ये, पत्ता नोंदवावा लागतो, आणि रहिवासी कार्ड कायम जवळ बाळगावे लागते. पोलिसांसाठी ११० आणि रुग्णवाहिका किंवा अग्निशमनासाठी ११९ हे क्रमांक पाठच असावेत.

सप्पोरोचे रस्ते शिकणे सोपे आहे, कारण मध्यवर्ती भाग चौकटीच्या वहीसारखा आखलेला आहे. ओदोरी उद्यानापासून उत्तर-दक्षिण आणि सोसेई नदीपासून पूर्व-पश्चिम असे पत्ते मोजले जातात, त्यामुळे ‘उत्तर ८, पश्चिम ५’ एवढे कळले की चालू लागावे. उन्हाळ्यात सायकल वापरता येते. हिवाळ्यात मात्र पायीच फिरावे लागते, कारण या शहरावर एका हिवाळ्यात सरासरी पाच मीटरच्या आसपास बर्फ पडतो. गोठलेल्या रस्त्यावर लहान पावले टाकावीत, पूर्ण तळवा एकदम टेकवावा आणि हात खिशात घालू नयेत. तळव्याला खाचा असलेले बूट पुण्यातून नेण्यापेक्षा तिथेच घ्यावेत. रॉकेलचा हीटर असेल तर अधूनमधून खिडकी उघडून हवा खेळती ठेवावी.

शेजाऱ्यांचे आपल्याविषयीचे मत बहुधा कचऱ्यावरून ठरते. जळणारा कचरा ठरलेल्या पिवळ्या पिशवीतच टाकावा लागतो. २००९ पासून या पिशव्या विकत घ्याव्या लागतात. ठरलेल्या वारी सकाळी साडेआठपर्यंत पिशवी ठेवून तिच्यावर कावळ्यांसाठीची जाळी नीट ओढावी. आम्ही एकदा वार चुकलो, तर समोरच्या आजी स्वतः येऊन आम्हाला वेळापत्रक समजावून गेल्या. आमची त्या गल्लीतली पहिली ओळख तीच.

भाषेच्या बाबतीत मराठी माणसाला एक मोठी सोय आहे आणि ती सोबत्याच्या उपयोगीही पडते. जपानीतही क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, नामाला प्रत्ययासारखे शब्द मागून लागतात आणि आदराच्या पायऱ्या असतात. ‘वाताशी नो इए’ हे शब्दाला शब्द लावून ‘माझे घर’ होते. पोर्तुगीजांकडून आपण ‘पाव’ घेतला आणि जपान्यांनी ‘पान’ घेतला, त्यामुळे बेकरीत पहिल्याच दिवशी एक शब्द घरचा सापडतो. रोज दहा नवी वाक्ये पाठ करण्यापेक्षा तीन वाक्ये तीन वेगवेगळ्या माणसांशी बोलावीत. १९०१ मध्ये या चर्चचे पहिले मिशनरी योकोहामाला उतरले, तेव्हा त्यांच्यातला अल्मा टेलर विशीही न गाठलेला मुलगा होता. पुढे ‘मॉर्मनचे पुस्तक’ या चर्चच्या धर्मग्रंथाचे जपानी भाषांतर त्याने केले आणि ते १९०९ मध्ये छापले गेले. भाषा अवघड वाटेल त्या दिवशी मला त्याची आठवण धीर देत असे.

चर्चच्या नियमाने चहा वर्ज्य आहे आणि जपानमध्ये घरोघरी ग्रीन टी पुढे येतो. आपल्याकडे चहा नाकारला की यजमानाचा चेहरा उतरतो, तसे तिथेही होते. म्हणून नुसते नको न म्हणता ‘मुगीचा चालेल’ असे नम्रपणे सांगावे. तो भाजलेल्या बार्लीचा असतो, नियमात बसतो आणि यजमानालाही काहीतरी देता येते. शाकाहारी असाल तर सूपच्या मूळ पाण्यात, म्हणजे दाशीमध्ये, बहुधा मासा असतो हे आधीच लक्षात घ्यावे आणि सोबत्यालाही सांगून ठेवावे, म्हणजे जेवणाच्या आमंत्रणाला होकार देतानाच तो यजमानांना कळवू शकेल.

२०१९ पासून आठवड्यातून एकदा घरी फोन किंवा व्हिडिओ कॉल करता येतो. सप्पोरोत सकाळचे साडेदहा वाजलेले असतात तेव्हा पुण्यात सात वाजलेले असतात, म्हणजे आई नुकती चहा घेऊन बसलेली असते. पहिल्या महिन्यात तिच्यापुढे रडू आले तर ते दाबू नये, पण फोन ठेवल्यावर लगेच कपडे धुवायला किंवा बाजारात सोबत्याबरोबर बाहेर पडावे. पहिल्या काही फोननंतर मी खोलीतच बसून राहिलो, आणि ते दिवस मला सर्वांत जड गेले. कधीतरी सोबत्याचीही आईशी ओळख करून द्यावी. माझ्या आईने त्याला ‘जेवलास का’ एवढेच विचारले. पुढच्या आठवड्यापासून तो फोनच्या वेळी खुर्ची ओढून शेजारी येऊन बसू लागला आणि ‘जेवलो’ म्हणायला शिकला.

ट्रान्सफरचा फोन आला आणि दुसऱ्या शहरात जायचे असेल, तर निघण्यापूर्वी कुयाकुशोमध्ये शहर सोडत असल्याची सूचना द्यावी. मग एका कागदावर कचऱ्याचे वार, हीटरची खोड, मुगीचा देणारी घरे आणि समोरच्या आजींना कोणत्या दिवशी अंगणातला बर्फ काढायला मदत लागते, हे लिहून तो कागद गेनकानमध्ये बुटांच्या कपाटावर चिकटवून ठेवावा. आपल्या जागी येणारा मुलगा तिथेच बूट काढेल.