दिव्यांगांचा चित्रगट: आधी टेबल मोजा, मग रंग आणा

गट सुरू करायचा म्हटलं की सगळे आधी रंगांच्या यादीला लागतात. त्याआधी टेप घेऊन हॉल मोजा. व्हीलचेअरसाठी दार ९० सेंमी रुंद हवं. १५ सेंमीची एकच पायरी असली तरी रॅम्प १८० सेंमी लांब लागतो. फळी टाकून केलेल्या उभ्या उतारावर खुर्ची मागे कलंडते. टेबलाखाली ७० सेंमी मोकळी उंची ठेवा. ती नसेल तर गुडघे अडतात, माणूस तिरका बसतो आणि अर्ध्या तासात खांदा भरून येतो. शौचालयही त्याच फेरीत बघून घ्या.

सुरुवातीला सहा ते आठ जण, दीड तास, मध्ये चहा. एवढं पुरे.

बोटं आखडत असतील तर ब्रशचा दांडा अडीच-तीन सेंमी जाड करा. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली की झालं. फोम मऊ असतो, पण रंग पितो आणि धुतला जात नाही. हात थरथरत असेल तर काहींना जड दांडा सोयीचा पडतो, काहींना नाही. दोन्ही देऊन बघा. कागद चारही कडांनी मास्किंग टेपने चिकटवा. पाण्याला प्लॅस्टिकचा ग्लास नको, जड बुडाचं भांडं घ्या, तेही अर्धंच भरा आणि खाली ओलं फडकं ठेवा.

दृष्टिहीनांसाठी कार्डशीटवर फेविकॉलची रेघ ओढून त्यावर बारीक सुतळी दाबा आणि रात्रभर वाळू द्या. घाई केली तर बोटाबरोबर सुतळीच उचलून येते. दोन रेघांत अर्धा सेंमी तरी अंतर ठेवा, नाहीतर त्या हाताला एकच लागतात. डब्यांना रबरबँड लावा: लालला एक, पिवळ्याला दोन, निळ्याला तीन. रंगाला पोत द्यायचा तर चाळलेली वाळू मिसळा. रव्याला पावसाळ्यात बुरशी येते.

कर्णबधिर सदस्यांसमोर खिडकीकडे पाठ करून उभं राहू नका, चेहरा काळा दिसतो. आणि आधी सांगा, मग करून दाखवा. दुभाषी आणि ब्रश दोन्हींकडे एकदम बघता येत नाही.

खरा गोंधळ मदतनीस घालतात. चित्र ‘नीट’ व्हावं म्हणून ते हात धरून पुरं करून टाकतात. विचारल्याशिवाय ब्रशला हात लावायचा नाही, हे पहिल्याच दिवशी सांगा. आधार द्यायचाच तर मदतनीसाचा हात खाली, चित्रकाराचा वर, म्हणजे नको असेल तेव्हा त्याला हात उचलून घेता येतो. पालकांना शक्यतो बाहेरच बसवा, चहा तिकडेच पाठवा.