ट्रेलरचे कपलिंग जोडताना किंवा सोडवताना अडत असेल तर

गाडीच्या मागच्या गोळ्यावर बसणारे ट्रेलरचे कपलिंग अडले की हात आपोआप हातोडीकडे जातो. कृपया तसे करू नका. ठोक्यांनी पत्र्याचे कपलिंग चेपते, ओतीव कपलिंगला सहज न दिसणारी चीर जाऊ शकते आणि ट्रेलर ओढण्याचा सगळा ताण याच एका भागावर येतो.

प्रथम दोष कुठे आहे ते ठरवावे. सपाट जागी गाडीचा हँडब्रेक ओढून, ट्रेलरच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावून ट्रेलर गाडीपासून वेगळा करावा आणि गोळा आत नसताना कपलिंगचे हँडल हलवून पाहावे. काही कपलिंगांत गोळा निघाल्यावर हँडल उघड्या स्थितीतच अडकून राहते. तेव्हा गोळ्याला पकडून ठेवणारा आतला खटका लाकडी दांड्याने दाबावा, बोट कधीही आत घालू नये. हँडल सहज फिरले, तर यंत्रणा ठीक असून अडचण मापात, उंचीत किंवा ताणात आहे. हँडलच जड असेल, तर दोष गंजाचा आणि मळाचा आहे.

मापाकडे सर्वांत कमी लक्ष जाते, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर. गोळे ५० मिलिमीटरचे असतात, तसेच २ इंचांचे, म्हणजे ५०.८ मिलिमीटरचेही असतात. हा फरक डोळ्यांना कळत नाही. पण ५० मिलिमीटरसाठी बनवलेले कपलिंग २ इंची गोळ्यावर दाबून बसवले, तर ते नीट मिटत नाही आणि बसलेच तर निघता निघत नाही. माप बहुधा कपलिंगवर आणि गोळ्यावर कोरलेले असते, ते जुळवून पाहावे. गोळा झिजताना सगळीकडून सारखा झिजत नाही, म्हणून व्हर्नियर कॅलिपरने तो तीन-चार ठिकाणी मोजावा. ५० मिलिमीटरचा गोळा कुठेही ४९ मिलिमीटरपर्यंत उतरला असेल, तर तो बदलणेच योग्य.

हँडल जड असल्यास जुने ग्रीस आधी पूर्णपणे काढावे, कारण त्यात धूळ आणि वाळू मिसळली की ते वंगण न राहता धातू घासणारा लेप होते. रॉकेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने कपलिंगची वाटी (गोळा बसतो तो खोलगट भाग) आणि गोळा पुसावा, गंज तारेच्या ब्रशने काढावा, हँडलच्या पिनेवर आणि स्प्रिंगवर गंज सोडवणारे पातळ तेल टाकून काही तास थांबावे आणि मग हँडल पुन्हा पुन्हा उघडमीट करावे. ते मोकळे झाले की पिनेला तेल आणि गोळ्याला ग्रीसचा पातळ थर पुरतो. मात्र डुलणे रोखण्यासाठी आत घर्षण-पट्ट्या असलेल्या कपलिंगला हे लागू नाही. तिथे गोळा कोरडा, स्वच्छ आणि रंगविरहित हवा, रॉकेल किंवा ग्रीस पट्ट्यांना लागताच कामा नये.

काही कपलिंगांच्या खाली पकड कमी-जास्त करणारा नट असतो. तो फार आवळलेला असेल, तर पान्ह्याने एका वेळी पाव फेराच सैल करावा आणि प्रत्येक वेळी जोडून पकड तपासावी.

जोडताना वाटी गोळ्याच्या बरोबर वर आणून, जॉकी व्हीलने (ट्रेलरच्या पुढच्या टोकाला आधार देणाऱ्या, वर-खाली करता येणाऱ्या छोट्या चाकाने) ट्रेलरचे तोंड सावकाश खाली सोडावे आणि हँडल पूर्ण मिटल्याची खात्री करावी. त्यानंतर जॉकी व्हीलने तोंड पुन्हा किंचित उचलावे: गाडीची मागची बाजूही सोबत वर आली, तरच पकड खरी आहे. ही तपासणी मी कधीही वगळणार नाही.

सोडवताना गाडी आणि ट्रेलर शक्यतो एका रेषेत असावेत. उतारावर किंवा वळणात उभ्या ट्रेलरचा ताण खटक्यावर येतो आणि हँडल उचलत नाही; अशा वेळी सुरक्षा-साखळी तशीच ठेवून गाडी दोन-तीन सेंटिमीटर पुढे-मागे घेतल्यास ताण सुटतो. मग साखळी आणि दिव्यांची वायर काढून, हँडल वर धरून जॉकी व्हीलने तोंड उचलावे. तोंड वर येताना गाडीही वर येऊ लागली, तर लगेच थांबावे. खटका अजून सुटलेला नाही.

इतके करूनही अडत असेल, किंवा हँडल वाकलेले, स्प्रिंग तुटलेली, वाटीला चीर दिसत असेल, तर दुरुस्तीचा प्रयत्न सोडून त्याच मापाचे आणि तेवढ्याच भारक्षमतेचे नवे कपलिंग बसवावे, आणि त्याचे बोल्टही निर्मात्याने सांगितलेल्या ताकदीचेच घ्यावेत.