तुमच्या वॉर्डात माणसं किती, कैदी किती?

मी येरवड्यात जेल रोडला वाढले. तुरुंगाची भिंत रोज बघूनही तिचा मतदारसंघाशी संबंध असेल असं कधी डोक्यात आलं नाही. कैद्यांना तिथेही मत नाही, पण लाखोंच्या मतदारसंघात काही हजार डोकी कुठल्या कुठे विरघळतात. इथे अमेरिकेत, आयोवा राज्यातल्या छोट्या गावांत, वॉर्ड दीड हजारांचेही असतात, आणि तिथे खरी गंमत होते.

आमच्या सीडर रॅपिड्सपासून अर्ध्या तासावर अनामोसा हे तुरुंगाचं गाव आहे. 2000च्या जनगणनेत तिथल्या दुसऱ्या वॉर्डाची लोकसंख्या सुमारे 1,400 होती, त्यातले 1,300च्या आसपास तुरुंगातले. 2005 मध्ये तिथला नगरसेवक दोन मतांवर निवडून आला. पुढे गावाने वॉर्डपद्धतच सोडली.

कारण साधं आहे. अमेरिकी जनगणना 1 एप्रिलला माणूस जिथे राहतो-झोपतो, तिथे त्याला मोजते. कैद्याचं घर डे मॉइनला असलं तरी आकडा तुरुंगाच्या गावात पडतो, आणि याच आकड्यांवरून सारख्या लोकसंख्येचे वॉर्ड आखतात. मेन, व्हरमाँट आणि वॉशिंग्टन डीसी सोडलं, तर गंभीर गुन्ह्याची शिक्षा भोगणाऱ्याला आतून मतही देता येत नाही.

आपल्या गावाचं तपासायचं असेल तर सुरुवात काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखी) किंवा नगर परिषदेपासून करा. काँग्रेसच्या मतदारसंघात साडेसात लाख माणसं असतात, तिथे फरक दिसतच नाही. जनगणना खात्याच्या साइटवर 2020चा मतदारसंघ-पुनर्रचनेसाठीचा डेटा घ्या. पी-1 तक्त्यात एकूण लोकसंख्या मिळेल. पी-5 मध्ये वसतिगृहं, शुश्रूषागृहं, बराकी असं सगळं वेगवेगळं दिलंय. त्यातला ‘प्रौढांसाठीची सुधारगृहं’ हाच रकाना घ्या. मी पहिल्या वेळी पी-5ची अख्खी बेरीज घेतली आणि कॉलेजची पोरंही कैद्यांत धरून बसले! पोरं तिथे मत देऊ शकतात, त्यांना वजा करायचं नाही.

आणखी एक खोच. गोपनीयतेसाठी 2020च्या आकड्यांत मुद्दाम थोडी गडबड मिसळली आहे, त्यामुळे एकेका ब्लॉकचा (जनगणनेच्या सर्वांत लहान भागाचा) आकडा तुरुंगाच्या नोंदीशी तंतोतंत जुळणार नाही. पाच-पन्नासाच्या फरकावरून भांडू नका.

आता हिशोब. समजा पाच वॉर्ड, प्रत्येकी 4,000. त्यातल्या एकात 1,000 कैदी. ते काढले की गाव 19,000चं, सरासरी 3,800ची. तुरुंगाचा वॉर्ड 3,000वर, म्हणजे 21 टक्के खाली. बाकीचे 5 टक्के वर. अंतर 26 टक्के झालं, आणि न्यायालयं साधारण 10 टक्क्यांच्या आतला फरक चालवून घेतात. कागदावर मात्र पाचही वॉर्ड सारखेच दिसतात.

मग राज्याचा कायदा बघा. कैद्यांना त्यांच्या घरच्या पत्त्यावर धरण्याचे कायदे मेरीलँड आणि न्यूयॉर्कने 2010 मध्ये पहिल्यांदा केले, नंतर कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, वॉशिंग्टन वगैरे आले. तिथे तुरुंग खातं कैद्याचा आधीचा पत्ता देतं, तो नकाशावर बसवतात आणि डोकं तिकडे हलवतात. कायदा नसला तरी दोनशेहून जास्त गावं-काउंट्यांनी आपापल्या वॉर्डांतून कैदी वगळलेत, त्यामुळे ‘आमच्या हातात काही नाही’ हे उत्तर लगेच मान्य करू नका.

वॉर्ड आखण्याच्या सुनावणीत बोलताना घटनेचा दाखला देऊन कोर्टात जाण्याची धमकी नको. 2016 मध्ये ऱ्होड आयलंडच्या क्रॅन्स्टनच्या खटल्यात अपील न्यायालयाने कैदी मोजणं घटनाबाह्य नाही असं म्हटलंय. ‘तुम्हाला करता येतं, करा’ एवढंच म्हणा. कोणीतरी हमखास विचारेल की मग गावाचा निधी कापला जाईल का. नाही. वॉर्डांच्या रेषा बदलतात, जनगणनेचा मूळ आकडा नाही, आणि निधी त्या आकड्यावरून ठरतो.

मला बोलायला तीन मिनिटं मिळाली होती. मी आकडे वाचायला घेतले आणि सगळ्यांच्या माना फोनमध्ये गेल्या. पुढच्या वेळी एकच कागद नेला: वॉर्डाचा नकाशा, तुरुंगाचा ब्लॉक लाल रंगात, खाली दोन बेरजा, कैद्यांसकट आणि कैद्यांशिवाय. सगळ्यांना पुरतील एवढ्या प्रती काढा, आणि नगर परिषदेच्या क्लार्कला एक वेगळी द्या, ती नोंदीत लागते.