तिसरी गोळी अडकते तेव्हा

25 मीटर पिस्तूल नेमबाजीच्या रॅपिड फेरीत गोळी झाडायला 3 सेकंद मिळतात, मग 7 सेकंद हात खाली. असं पाच वेळा. माझं पहिलं वर्ष या 3 सेकंदांपेक्षा जॅमच्या, म्हणजे गोळी अडकण्याच्या भीतीतच गेलं. दोन गोळ्या नीट जायच्या आणि तिसरीला ट्रिगर दाबला की नुसतीच शांतता.

नवशिक्याचं पहिलं पाऊल बहुतेक वेळा चुकीचंच पडतं, तसं माझंही पडलं. कुणीतरी म्हणालं, चेंबरच्या, म्हणजे नळीत गोळी बसते त्या जागेच्या तोंडाशी असलेला उतार घासून गुळगुळीत कर. मी बारीक पॉलिश पेपर घेऊन बसलेही होते. कोचनी पाहिलं आणि पेपर काढूनच घेतला. "घासलेलं लोखंड परत येत नाही गं. आधी अडकलेली गोळी बघ, ती सांगेल."

खरंच सांगते! पिस्तूल सुरक्षित दिशेला धरून, बोट ट्रिगरबाहेर ठेवून, मॅगझिन (गोळ्यांची पेटी) काढून, मग ती गोळी हलकेच बाहेर घ्यायची. माझ्या गोळीच्या शिशाच्या नाकावर खालच्या बाजूला चंद्रकोरीसारखा चपटा डाग होता. म्हणजे ती चेंबरमध्ये शिरायच्या ऐवजी नाक खाली घालून उताराला धडकत होती. डाग वरच्या बाजूला असता तर शोध वेगळ्या दिशेने गेला असता.

इथे एक फरक ओळखायला शिका. आपण सरसकट "जॅम झालं" म्हणतो, पण नवी गोळी आत न जाणं आणि रिकामी केस (झाडलेल्या गोळीचं कवच) बाहेर न पडणं हे दोन वेगळे आजार आहेत. केस बाहेर पडायच्या खिडकीत धुराड्यासारखी उभी अडकली असेल तर मॅगझिनच्या मागे लागू नका. एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे केस ओढून काढणाऱ्या आकड्याखाली काजळी साचली आहे का ते बघा, दारूगोळा अशक्त आहे का बघा आणि स्वतःचं मनगटही तपासा. गोळीच्या धक्क्याने बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता भाग) मागे जातो तो पिस्तूल हातात घट्ट असेल तरच. मनगट सैल पडलं की धक्क्याचा जोर पिस्तूल हलवण्यातच खर्च होतो आणि बोल्ट अर्ध्यावरून परततो. सरावाच्या शेवटी जॅम वाढत असतील आणि तेच पिस्तूल दुसऱ्याच्या हातात सुरळीत चालत असेल, तर दोष कुणाचा हे वेगळं सांगायला नको. मला हे मान्य करायला तीन आठवडे लागले.

माझा दोष मात्र मॅगझिनमध्ये निघाला. तो सापडला मार्कर पेनमुळे. चारही मॅगझिनच्या तळाला 1 ते 4 आकडे घातले आणि वहीत प्रत्येक जॅमपुढे आकडा लिहीत गेले. 200 गोळ्यांमध्ये अकरा जॅम, त्यातले दहा 3 नंबरचे. ती मॅगझिन एकदा काँक्रीटवर तोंडावर पडली होती, हे तेव्हा आठवलं. दोन मॅगझिन शेजारी धरून वरच्या गोळ्या पाहिल्या तर 3 नंबरमधली केसभर खाली झुकलेली. गोळीला धरून ठेवणाऱ्या वरच्या पत्र्याच्या ओठांपैकी एक किंचित वाकला होता. पक्कड घेऊन तो सरळ करायच्या फंदात मी पडले नाही. आर्मररकडे, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याकडे दिली.

या पिस्तुलात वापरतात त्या .22 बोअरच्या गोळीची आणखी एक खोड आहे. या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. भरताना वरच्या गोळीची कड खालच्या गोळीच्या कडेच्या मागे गेली तर वरची पुढे सरकताना खालचीला ओढते आणि दोघी अडतात. प्रत्येक गोळी आधीच्या गोळीच्या कडेपुढे बसवायची. घाईत भरलेली मॅगझिन हमखास दगा देते.

आणि स्वच्छता. या गोळ्यांना बाहेरून मेण किंवा ग्रीस लावलेलं असतं. ते काजळीत मिसळून चेंबरमध्ये कडं धरतं, मग गोळी पूर्ण बसत नाही आणि बोल्ट कणभर उघडा राहतो. चेंबरला ब्रश, मग कापड. तेल मात्र थेंबभरच. जास्त तेल काजळीला चिकटवून ठेवतं.

दारूगोळा बदलायचा तर तेवढाच बदला. मॅगझिन, ब्रँड आणि स्प्रिंग एकाच दिवशी बदलून जॅम थांबलं तर कशामुळे थांबलं ते कधीच कळणार नाही. नव्या ब्रँडचा 50 चा एक डबा त्याच मॅगझिनमधून झाडून बघा, वहीत लिहा.

ट्रिगर दाबला, टक् आवाज आला आणि गोळी सुटली नाही, तर बोल्ट लगेच ओढू नका. नळी लक्ष्याकडेच ठेवून निदान 30 सेकंद थांबा. उशिरा पेटणारी गोळी क्वचित असते, पण असते.

स्पर्धेत तर हात आवरायलाच हवा. पिस्तूल लक्ष्याकडे ठेवून, पकड न सोडता, मोकळा हात वर करून रेंज ऑफिसरला बोलवायचं. तो येण्याआधी बोल्टला हात लावला तर बिघाड ग्राह्य धरला जात नाही आणि न झाडलेल्या गोळ्यांना शून्य मिळतं. माझे असे दोन शून्य वहीत आहेत, 3 नंबरच्या पानावर. आर्मररकडून ती परत आली तेव्हा ओठ सरळ होता, तरी मी तिच्यावर लाल पट्टी चिकटवली आणि ती सरावाच्या पिशवीत टाकली.