ॲनिमेशनपटाच्या पटकथेचे पुनर्लेखन कसे करावे

ॲनिमेशनपटात एका सेकंदाला २४ फ्रेम लागतात आणि त्यांतली प्रत्येक गोष्ट, अगदी भिंतीवरची सावलीसुद्धा, कोणीतरी घडवलेली असते. फसलेला प्रसंग नंतर संकलनात सावरून घेण्याची सोय इथे फारशी नसल्यामुळे पटकथेचा पहिला खर्डा मोडून पुन्हा बांधण्याचे काम ॲनिमेटरच्या हाती काही जाण्याआधीच करावे लागते. उदाहरणासाठी ठाणे खाडीवरची एक काल्पनिक कथा घेऊ. ऐरोलीत राहणाऱ्या दहा वर्षांच्या मुलीला कांदळवनाच्या कडेला रोहित पक्ष्याचे, म्हणजे फ्लेमिंगोचे, करड्या रंगाचे जखमी पिल्लू सापडते. त्याला थव्यातल्या इतरांसारखे गुलाबी व्हायचे आहे आणि शेवटी ते होते. मध्ये खाडी बुजवू पाहणारा एक खलनायक आहे.

सर्वांत आधी प्रत्येक प्रसंग एका ओळीत चिठ्ठीवर लिहावा आणि त्यात निर्णय कोण घेते, त्याचे नाव कोपऱ्यात टिपावे. वरच्या कथेत पिल्लाचे नाव जवळजवळ कुठेच येणार नाही. रोहित पक्ष्याचा गुलाबी रंग शेवाळासारख्या खाद्यातल्या रंगद्रव्यांमुळे चढतो. पिल्लू नीट खात राहिले की मोठे होताना तो आपोआप येतो. नायकाने काहीही न करता पुरी होणारी इच्छा प्रेक्षकाला दीड तास धरून ठेवू शकत नाही. हीच माहिती मुलीच्या बाजूने पाहिली की मात्र कथा उभी राहते, कारण तिने जीव लावून पिल्लाला घरीच ठेवले, तर खाडीतले खाद्य न मिळाल्याने ते करडेच राहील. आता निर्णय तिचा आहे आणि तो अवघड आहे. कथा कोणाची, हे असे उलटायला बिचकू नये. २०१६ सालच्या ‘झूटोपिया’त आधी निक हा कोल्हा मुख्य पात्र होता, बरेच काम झाल्यावर ते स्थान जूडी या सशिणीला देण्यात आले. पुनर्लेखनातला हाच सर्वांत मोलाचा टप्पा आहे, असे माझे ठाम मत आहे. बाकीची डागडुजी त्यानंतरच करावी.

मुलीची मायाच अडसर ठरत असेल, तर खाडी बुजवणारा माणूस काढून टाकावा, त्याचे विनोद कितीही जमलेले असले तरी.

मग संवादांकडे वळावे. पहिल्या खर्ड्यात मासेमारी करणारे आजोबा सांगतात, “अगं, हे पक्षी चोच उलटी करून चिखलातलं खाणं गाळून घेतात, तुझ्या ताटलीतलं त्याला कसं चालेल?” माहिती बरोबर आहे, पण चित्राला करण्यासारखे काहीच उरत नाही. नव्या खर्ड्यात आजोबा जाळे सांधत गप्प बसतात. मुलगी भाताची ताटली पुढे सरकवते, पिल्लू मान खाली घालून चोच उलटी फिरवते आणि शिते फरशीभर होतात. त्याला जग कसे दिसते ते कळावे म्हणून ती ओणवी होऊन दोन पायांमधून खिडकीकडे बघते, तर खाडी उलटी दिसते. आजोबांच्या वाट्याला एवढेच येते: “चिखल हवाय त्याला.”

यानंतर स्टोरीबोर्डची, म्हणजे एकेक प्रसंग दाखवणारी, साधी चित्रे ओळीने लावून, घरच्यांच्याच आवाजात संवाद ध्वनिमुद्रित करून ॲनिमॅटिक तयार करावे. कागदावर छान वाटणारे पात्र तिथे नकोसे होऊ शकते. ‘टॉय स्टोरी’चे असेच कच्चे रूप नोव्हेंबर १९९३ मध्ये डिस्नेच्या अधिकाऱ्यांना दाखवले, तेव्हा त्यातला वुडी हा मुख्य पात्र असलेला बाहुला इतका कडवट वाटला की काम थांबवून पटकथा नव्याने लिहावी लागली, चित्रपट १९९५ मध्ये आला. आपले ॲनिमॅटिक सोसायटीच्या हॉलमध्ये मुले आणि आजी-आजोबा यांना एकत्र बसवून दाखवावे. “आवडले का?” असे विचारू नये, कारण मुले भिडेखातर हो म्हणतात, त्यांना गोष्ट सांगायला लावावी आणि कोणता भाग गाळला ते टिपावे. सुचवलेले उपाय मात्र सगळे घेऊ नयेत. “इथे गाणे टाका” असे कोणी म्हणाले, तर बहुधा त्याच्या थोडे आधी कथा रेंगाळलेली असते.

जुळलेले प्रसंग पुढच्या कामासाठी पाठवत राहावे आणि उरलेल्यांवर लेखन चालू ठेवावे. सुरुवातीचा प्रसंग सर्वांत शेवटी पक्का करावा. आपल्या कथेचा आरंभ खाडीवर उतरणाऱ्या थव्याच्या भव्य दृश्याने होत होता. कथा मुलीची झाल्यावर पहिल्या मिनिटात तिला कोणतीही वस्तू सोडवत नाही, लहान झालेले शाळेचे बूटसुद्धा ती टाकू देत नाही, हे दिसायला हवे.